मुराळी कवा धाडताय

जेवणाच्या सुट्टीत धनश्रीने डबा उघडला आणि तेवढ्यात फोन थरथरला. धाकट्या बहिणीचा, प्रगतीचा मेसेज होता. 'ताई, मुराळी कवा धाडताय?' धनश्रीला हसू आलं. दिवाळी महिन्यावर आली होती, आणि दिवाळीच्या तोंडावर सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात, हे त्यांच्या कवठे येमाईत शेंबड्या पोरालाही कळतं. पण प्रगतीचं सासर नावापुरतं दौंड आणि नांदणं कॅनडात, कॅलगरीला. तिथे मुराळी कोण धाडणार आणि कशावर बसवून? धनश्री सणसवाडीच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात होती. कुठला ट्रक कुठे, किती लांब आणि कधी पोहोचणार, हे दिवसभर बघायचं आणि संध्याकाळी ड्रायव्हरांच्या शिव्या फोनवर ऐकायच्या, असं तिचं काम. त्यामुळे कुणी गावाचं नाव काढलं की तिची बोटं आपोआप अंतर शोधायला लागत. तिने डाव्या हाताने मुंबई ते कॅलगरी असं टाइप केलं. एक पान उघडलं. विमानतळापासून विमानतळापर्यंत बारा हजार दोनशे तीस किलोमीटर, उडण्याचा वेळ पंधरा तास सत्तेचाळीस मिनिटं. खाली बारीक अक्षरांत, थेट विमान असेलच असं नाही. त्याच्याही खाली एक नकाशा, आणि दोन्ही विमानतळांच्या बरोब्बर मधोमध एक लाल ठिपका. तिने त्या पानाचा फोटो बहिणीला पाठवला आणि वडिलांच्या जुन्या घोड्याची आठवण काढून लिहिलं, 'एवढ्या लांब आबांचं घोडं जात न्हाई बाई.' भाजीत बुडवलेला घास तोंडात घालेपर्यंत उत्तर आलं. 'मी चेष्टा करत न्हाई ताई.'

तिच्या लक्षात आलं, की तिथे आत्ता रात्रीचे दोन वाजून गेले असतील. माणूस त्या वेळेला चेष्टा करत नाही, निदान प्रगती तरी नाही. ती लहानपणापासून नऊ वाजता आडवी होणारी. धनश्रीने डब्याला झाकण लावलं आणि गोदामाच्या मागच्या जिन्यात जाऊन फोन लावला. जिन्यात ऑइलचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. खाली दोन बिहारी पोरं खोलीच्या भाड्यावरून हळू आवाजात भांडत होती. प्रगतीने फोन उचलला. म्हणाली, "सम्राट बोलत न्हाई ताई."

"म्हंजी? भांडलाय?"

"भांडला असता तर बरं झालं असतं. मारत न्हाई, पीत न्हाई. उन्हाळ्यात नोकरी गेली, आता एका गोदामात रातपाळी करतो. सकाळी येतो, जेवतो, झोपतो. महिना महिना एक शब्द न्हाई. घरात फ्रीजचा आवाज ऐकत बसते मी."

"मग तिकीट काढ आन् ये निघून. त्यात काय एवढं?"

मग प्रगती म्हणाली, "हेच. निघून आली, असंच म्हणतील ना मग. त्याला म्हणलं मी, जाऊन येते. तर तो म्हणला, जा, पर आपणहून गेलीस तर परत मला बोलवाया लावू नको. आन् दौंडहून सासूबाई फोनवर म्हणतात, चार दिवाळ्या झाल्या, तुझ्या माहेरचं एक कुत्रं न्यायला आलं न्हाई, मी पाठवू कुणाबरं? मला त्याला सोडायचं न्हाई ताई. मला इथं ऱ्हायचं पण न्हाई, आत्ता. मला नुसतं माहेरी यायचंय."

फोन ठेवल्यावर धनश्री जिन्यातच उभी राहिली. औषधांच्या कॉलेजात शिकलेली, बर्फावर गाडी चालवणारी, इंग्रजीत बँकवाल्यांशी हुज्जत घालणारी बाई, आणि तिला न्यायला माणूस पाहिजे. हसावं असंच होतं ते. धनश्रीला हसू आलं नाही. तिला तो फरक फार चांगला ठाऊक होता. वाडीवर एखादी बाई एकटी, हातात पिशवी घेऊन उतरली, की चहा व्हायच्या आधी कुजबुज सुरू व्हायची, निघून आली. तीच बाई भावाच्या मागून चालत आली, की माहेरी आली. बाई तीच, रस्ता तोच, पिशवीही तीच. आलेली बाई पंधरा दिवसांनी परत जाते आणि कुणी मान वळवत नाही. निघून आलेलीला परत जायला पंच बसवावे लागतात, आणि एवढं करून ती गेली तरी पहिल्यासारखी नांदत नाही. प्रगतीला परतीची वाट उघडी ठेवून यायचं होतं, एवढंच. आणि ती वाट उघडी ठेवणं तिच्या स्वतःच्या हातात नव्हतं. धनश्रीला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला; पण नेमका कुणाचा, ते तिला ठरवता येईना.

दुपारभर ती ट्रक रवाना करत राहिली. चेन्नई, रुद्रपूर, साणंद. पडद्याच्या कोपऱ्यात ते पान उघडंच होतं. मधोमधचा लाल ठिपका तिने मोठा करून पाहिला. रशियाच्याही वर, समुद्रात होता तो. वर्षातले कितीतरी महिने गोठलेला समुद्र. तिथे बेट नाही, बंदर नाही, उभं राहायला टाचभर जमीन नाही. एखाद्याने हिशेब करून सांगावं, ही तुमची अर्धी वाट, आणि तिथे फक्त पांढरं असावं. तिला अनसाआत्या आठवली, आणि मग दिवसभर ती मनातून हललीच नाही.

अनसाआत्या म्हणजे वडिलांची, आबांची थोरली बहीण, भीमेपलीकडे दौंडच्या अंगाला दिलेली. तेव्हा आबा, म्हणजे तात्याबा, मेंढरं घेऊन हिंडत. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, कोकणाकडे उतरायचा आणि पावसाच्या आधी वर चढायचा. आत्याला माहेरी जायचं म्हणजे कुठे जायचं, हा पहिला प्रश्न. माहेर आज एका माळावर तर उद्या दुसऱ्या. म्हणून दोन्ही घरांनी आपसात रीत पाडून घेतली होती. बाजारात निरोप जायचा. ठरल्या दिवशी सासऱ्याने तिला अर्ध्या वाटेवर, पारगावच्या पुलाच्या अलीकडे एका बाभळीपर्यंत आणून सोडायचं, आणि आबांनी घोडं घेऊन तिथे यायचं. एकदा आबांनी लहानग्या धनश्रीला पुढ्यात बसवून नेलं होतं. घोड्याच्या मानेचा घामट वास आणि मांड्यांना टोचणारं घोंगडं तिला अजून आठवतं. बाभळीखाली आत्याचा सासरा उकिडवा बसला होता आणि आत्या मात्र उभी, डोक्यावर गाठोडं. मुराळी येईपर्यंत ते खाली ठेवायचं नाही, असं कुणी तिला सांगितलं होतं की तिनेच मनाने ठरवलं होतं, देव जाणे. आबा उतरले, व्याह्याबरोबर तंबाखू मळली, मेंढरांची, पावसाची, कुणाच्या तरी लग्नाची चौकशी झाली. सगळं झाल्यावर आबांनी बहिणीच्या डोक्यावरचं गाठोडं उचलून घोड्यावर टाकलं. तेव्हा कुठे सासरा उठला, धोतर झटकलं आणि एक शब्द न बोलता माघारी चालायला लागला. गाठोडं माहेरच्यांनी घेतलं की बाई माहेरची. तोवर तिचा भार सासरचा, आणि सासरच्या माणसाने जागचं हलायचं नाही.

एका साली आबा पोहोचलेच नाहीत. मेंढरांत रोग शिरला होता आणि वाडा लांबच्या माळावर अडकला होता. आत्या दिवेलागणीपर्यंत बाभळीखाली उभी राहिली. हे आत्या म्हातारपणी कितीदा सांगायची, आणि सांगताना भावाला बोल लावायची नाही. तिचं रडं दुसऱ्याच जागी यायचं. "अंधार पडला तवा मामंजी उठलं," ती म्हणायची, "आन् माझ्या डोईवरचं गाठोडं सोताच्या डोईवर घेतलं, आन् म्होरं चालाया लागलं. जन्मात कवा बाईमाणसाचं वझं घेतलं नव्हतं त्या माणसानं. घरापत्तोर बोललं न्हाई." आणि पदराने डोळे पुसायची. धनश्रीला त्या वयात कळायचं नाही, की यात रडण्यासारखं काय आहे.

संध्याकाळी तिने नवऱ्याला, रविराजला सांगितलं. तो म्हणाला, "ती काय लहान आहे का? दोनदा विमान बदलायचं आणि उतरायचं. कुणी कशाला जायला पाहिजे?" तो बरोबरच बोलत होता. रविवारी ती स्कूटर घेऊन कवठ्याला निघाली. शिक्रापूरच्या गर्दीतून बाहेर पडताना तिला वाटलं, लग्नाला अकरा वर्षं झाली, मला तरी कुणी न्यायला आलंय का? पहिली दिवाळी सोडली तर नाही. कारण मला गाडी येते. धनश्रीला गाडी येते म्हणून आबा आले नाहीत, प्रगतीला विमान आहे म्हणून आबा गेले नाहीत. असं कुणी ठरवलं नव्हतं. मनात काही वाकडंही नव्हतं. पण दौंडला मात्र प्रगतीची सासू पुतळाबाई दर दिवाळीला दाराकडे डोळे लावून बसली असणार, की आता तरी व्याह्यांकडून कुणी विचारायला येईल, पोरीला कधी पाठवता म्हणून. कुणी आलं नाही, तशी पोरीची किंमत त्या घरात दर वर्षी थोडी उतरली. सगळ्या वाडीला पाठ असलेली रीत, आणि विमान आल्यावर ती सरळ विसरायला झाली.

आबा चिंचेखाली बाजेवर होते. शेती आल्यापासून मेंढरं गेली होती. उरलेल्या दोन शेळ्या त्यांच्या पायाशी पाला ओढत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रगती काय म्हणाली हे धनश्रीने शब्द न शब्द सांगितलं, फ्रीजच्या आवाजासकट.

"मला वाटलं, इमान हाय, मनात आलं की येईल पोर," आबा म्हणाले. मग गुडघ्यावर हात चोळत राहिले. "कुणी विचाराया जायाचं असतंय, ते माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मुलखाची बेअक्कल."

"तुमी कुठं एकटं हाय आबा. माझ्या तरी कुठं डोक्यात आलं."

"लई लांब हाय?"

तिला ते पान आठवलं. पंधरा तास सत्तेचाळीस मिनिटं. तो वेळ कुणाच्याच उपयोगाचा नव्हता, कारण त्या वाटेने जाणारं विमानच नव्हतं. "वाटंत दोन मुक्काम हायेत," ती म्हणाली. "आधी टोरंटो, मग दुबई. दुबईहून पुण्याला साडेतीन तास."

"मग त्येंनी अर्ध्यावर आणून द्यावी की," आबा म्हणाले. ते इतकं सहज म्हणाले, की तिला ते ऐकू यायलाच थोडा वेळ लागला. "माझं गुडघं काय मला जाऊ देत न्हाईत. आन् भाऊ तर तुमच्या नशिबात न्हाई. तू जातीस?"

"बाईमाणूस मुराळी? चालंल त्येंना?"

"इचारून ये."

म्हणून ती तशीच पुढे दौंडला निघाली. शिरूर, न्हावरा, दोन्हीकडे ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा गोड धूर. पारगावच्या पुलाच्या अलीकडे तिने स्कूटर थांबवली. बाभूळ नव्हती. तिथे टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं आणि दुकानदार तिच्या चाकाकडे आशेने बघत होता. नदी पुलाखालून जलपर्णी घेऊन संथ चालली होती. धनश्रीला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटायला पाहिजे होतं असंही वाटलं नाही. ती परत स्कूटरवर बसली. मात्र पूल ओलांडताना तिने वेग कमी केला. पुतळाबाईने नाही म्हटलं तर? म्हणजे मग प्रगती एकटीच येणार. ती येणार हे नक्की होतं. त्या फ्रीजसमोर ती दिवाळीपर्यंत बसणार नव्हती. आणि एकदा तशी आली, की झालं.

पुतळाबाईने अंगणात अनारशांचे तांदूळ वाळत घातले होते आणि चिमण्या हाकत बसली होती. तिने धनश्रीला पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "ये. लई दिसांनी दौंड सापडलं."

"मामी, प्रगतीला दिवाळीला न्यायचंय. इचाराया आलेय."

पुतळाबाईने हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाली, "चार वरसं लागली व्हय एवढं बोलाया?"

"आमचं चुकलं."

"चुकलंच. लोक इचारायचे मला, सुनंला माहेर हाय का न्हाई? काय सांगू मी?" तिचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "ती तिकडं सुकतीय, आन् माझं पोरगं पण सुकतंय. मला काय कळत न्हाई? फोनवर म्हणतोय, बरा हाय. त्येचं बरा हाय मी जल्मापासनं वळखते. पर मी आपल्या तोंडानं कशी म्हणू, सुनंला माहेरी घेऊन जावा? हाकलून दिली म्हणाल." तिने पदराने तोंड पुसलं. "कोण येणार न्यायला?"

"मी."

"तू? बाप्या कुणी न्हाई?"

"आबांचं गुडघं गेल्यात. भाऊ न्हाई. मी दुबईपत्तोर जाते. तुमच्याकडनं तिला अर्ध्या वाटंवर कुणीतरी आणून द्यायचं. सम्राटनं टोरंटोपत्तोर यावं. पहिल्यापासनं आमच्यात तशी रीत हाय, अर्ध्यावर देण्याची."

पुतळाबाईने अनसाआत्याला पाहिलेलं होतं, बाभळीची गोष्टही तिच्या कानावर असणारच. तीही दौंडच्याच अंगाची. एक चिमणी येऊन तांदूळ खाऊ लागली, तिला कुणी हाकललं नाही. मग पुतळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि आतून पाट मांडल्याचा आवाज आला. "हात धुऊन घे," ती ओरडून म्हणाली. "मुराळी उपाशी जात नसतो आमच्या घरनं." शिरा गोडमिट्ट होता आणि तूप ओघळत होतं. धनश्रीने पाटावर बसून तो सगळा संपवला.

मग पुतळाबाईचा सम्राटला फोन, व्हिसे, तिकिटं, साहेबाकडे सुट्टी मागणं. साहेबाने विचारलं, दुबईला काय? ती म्हणाली, बहिणीला आणायला. त्याला वाटलं बहीण दुबईला असते, आणि तिने तसंच वाटू दिलं. रविराज तिला पुण्याच्या विमानतळावर सोडायला आला. गाडीतून उतरून तिची बॅग दारापर्यंत त्यानेच नेली. विमानात धनश्री पहिल्यांदाच बसत होती. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, एक इवलं विमान निळ्यावर सरकत होतं, आणि खाली आकडे बदलत होते; उरलेलं अंतर, उरलेला वेळ. ट्रकवाले फोनवर सांगतात तसंच, ताई आता इतकं राहिलं, ताई आता इतकं. ते खरं बोलतात की नाही, हे तिला कधी कळायचं नाही. तिने डोळे मिटले. अर्धी वाट म्हणावी तर ही अर्धी नव्हती, पावही नव्हती. प्रगती जगाला वळसा घालून येत होती आणि धनश्री नुसती ओढ्यापलीकडे गेल्यासारखी चालली होती. पण उभं राहायला इथे जमीन होती.

दुबईच्या विमानतळावर माणसं बाहेर पडतात त्या दारासमोर कठड्याला टेकून ती उभी राहिली. आजूबाजूला नावांच्या पाट्या धरलेले ड्रायव्हर. तिने पाटी आणली नव्हती. थंडगार हवेत अत्तराचा आणि पुसलेल्या फरशीचा वास. टोरंटोचं विमान उतरलं असं फलकावर आलं, आणि बऱ्याच वेळाने दार उघडून प्रगती आली. वाळली होती. केस कापले होते. हातात एक निळी बॅग, चाकांची, पण ती तिने चाकांवर ओढत आणली नव्हती. मुठीत उचलून धरली होती. ती कठड्यापाशी आली, धनश्रीला पाहिलं, आणि तीन पावलांवर थांबली. पळत आली नाही. गळ्यात पडली नाही. बॅग खाली ठेवली नाही. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून पुढे जात होती.

धनश्रीला आधी कळेना ही अशी का उभी आहे. मग कळलं. ती कठड्याला वळसा घालून आत गेली, बहिणीच्या मुठीतून बॅगेची मूठ सोडवली आणि बॅग स्वतःच्या हातात घेतली. हलकी होती, चार कपडे असतील. प्रगतीचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग खाली आला.

"सम्राट आला व्हता?"

"टोरंटोपत्तोर. विमानात बोलला न्हाई. बॅग त्यानंच धरली व्हती, मला धरू दिली न्हाई." प्रगतीने फोन काढला. नंबर एका दमात लागला. पलीकडच्याने पहिल्याच घंटेला उचलला असावा. "घेतली," ती म्हणाली. "ताईनं घेतली बॅग." मग ती ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही.

धनश्रीने विचारलं, "पोचला का घरी?"

प्रगतीने मान हलवली. "न्हाई. टोरंटोलाच हाय अजून, विमानतळावर. मी विमानात बसल्यापासनं त्याच बाकड्यावर." तिने फोन कानापासून थोडा दूर धरला. "इचारतोय, आता निघू का?"